वेटिंग

छातीवर दहा चकत्या चिकटवून तौसीफ म्हणाला,
ताई, दांडी आवळू नका, नुसता हात ठेवा.
खिडकीबाहेर नवी पेठ, शहाळ्यांची एक गाडी
आणि तिच्यावर पडलेलं ऊन,
जे मला सहा वर्षं वर्ज्य आहे.

पहिली तीन मिनिटं सपाट.
मग पट्टा चढू लागला, कात्रजच्या जुन्या घाटासारखा.
पोटऱ्या म्हणत होत्या धाव,
श्वास म्हणत होता धाव,
आणि पडद्यावरचा आकडा एकशे अठरावर बसून,
जेवणाची सुट्टी संपली तरी
खिडकी न उघडणाऱ्या कारकुनासारखा.

मग मीच थांबले. हृदय थांबेना.
एका मिनिटात बारानं तरी खाली यायला हवं होतं.
आलं सातनं.

ल्युपसमध्ये दिसतं असं, शिरोडकरबाई म्हणाल्या,
चढायला उशीर, उतरायलाही उशीर.
त्यांनी कागदावर एक रेघ काढली, माझी,
आणि तिच्या वरून दुसरी, माझ्या वयाच्या कुणाचीतरी.
त्या दुसरीला बघत राहिले मी.
एक्केचाळीस वर्षांची, बिनचट्ट्यांची,
दुपारी बारा वाजता
टोपीशिवाय मंडईत जात असेल.

(माझ्या गालावरच्या चट्ट्याला पुस्तकात फुलपाखरू म्हणतात.
आमच्या गल्लीत वांग म्हणाले,
आणि जायफळ उगाळून लाव म्हणाले.
लावलं. तेव्हा ठाऊक नव्हतं
की आपलाच हवालदार
आपल्याच गाडीला जॅमर लावत सुटलाय.)

अण्णा रिक्षाचे मीटर दुरुस्त करायचे, नाना पेठेत,
झेंडा पाडायचे मीटर होते तेव्हा.
टेबलावर पितळी चाकं, चिमटा, रॉकेलची वाटी,
आणि त्यांच्या नखांत कायम काळी रेघ.
मीटर हळू पळत असलं तर म्हणायचे, केबल बघ आधी.
चाक फिरतंय, पण निरोप वरपर्यंत जात नाहीये.
मी विचारायची, रिक्षा उभी असताना आकडा कसा पडतो?
चाक वेगळं, घड्याळ वेगळं, पोरी.
चाक थांबतं. घड्याळ नाही.
गिऱ्हाईक आत गेलंय, परत येणार आहे,
त्याचं वेटिंग.

बारा आठवडे चाला, बाई म्हणाल्या. चढ हवा.
म्हणून पावणेपाचला पर्वती,
ऊन उठायच्या आत.
पायऱ्या रुंद, हत्तीच्या मापाच्या,
दीड पावलाची एक, ताल जमत नाही.
वर जाणारे आजोबा रोज मागून येऊन पुढे जातात
आणि रोज म्हणतात, सावकाश.
जसं काही मी दुसरं काही करू शकते.

साठाव्या पायरीवर बसते.
मनगटावर दोन बोटं, दुसऱ्या हातात
अण्णांचं स्टॉपवॉच, काचेला तडा गेलेलं.
याच घड्याळावर ते रिक्षा पळवून मीटर तपासायचे,
मागच्या सीटवर मी, वजन म्हणून.
खाली सिंहगड रस्त्याचे दिवे.
मोजते. थांबते. पुन्हा मोजते.
काही दिवशी सांधे इतके सुजतात
की नाडी बोटात आहे की मनगटात, कळत नाही.
त्या दिवशी नुसती बसते,
तेही वहीत लिहिते: बसले.

काल पुन्हा नवी पेठ, पुन्हा गार जेल.
चढताना एकशे एकतीस.
उतरताना अकरा.
बारा नाही, अकरा.
तौसीफनं ते मोठ्यानं वाचलं
आणि उगाचच प्रिंट दोनदा काढली.

आज पुन्हा साठावी पायरी.
पूर्वेला फटफटायला लागलंय,
आता बाह्या ओढून, टोपी घालून खाली.
छातीत अजून टकटक चालूच आहे,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
पूर्वी घाबरायचे.
आता म्हणते, पडू दे आकडा.
कुणीतरी आत गेलंय,
येईल.